आज्ञेविना उड्डाण
लढाऊ विमानांचे निवृत्त वैमानिक घरी घडवलेल्या लहान विमानांकडे का वळतात?

नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर पेण ते रोहा हे अंतर सरळ रेषेत तेहतीस-चौतीस किलोमीटर भरते. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानाला ते कापण्यास सव्वादोन मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात वैमानिकाचे लक्ष असते यंत्रांच्या तबकड्यांवर, कानातील आदेशांवर, इंधनाच्या हिशेबावर आणि शेजारी उडणाऱ्या साथीदाराच्या विमानावर. खाली रायगड जिल्हा आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. तेच अंतर दोन आसनांच्या लहान विमानाने, ताशी एकशे साठ किलोमीटरच्या चालीने कापायचे म्हटले, तर बारा-तेरा मिनिटे लागतील. या बारा मिनिटांत पेणच्या पश्चिमेची मिठागरे आणि खारभूमीचे बांध दिसतील, वळणे घेत धरमतरच्या खाडीकडे निघालेली अंबा नदी दिसेल, नागोठण्याची वस्ती, रेल्वेचा रूळ, अवचितगडाचे डोके आणि शेवटी कुंडलिकेच्या काठावर वसलेले रोहे दिसेल.

ज्याने आयुष्यभर पहिल्या प्रकारचा प्रवास केला, त्याला उतारवयात दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाची ओढ का लागावी? त्यातही, ते लहान विमान कारखान्यातून विकत न घेता स्वतःच्या हातांनी, घराच्या पडवीत किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये जोडून तयार करावे, असे त्याला का वाटावे? हा प्रश्न केवळ विमानविद्येचा नाही. ज्या ज्या घरात एखाद्या कर्त्या पुरुषाने वर्षानुवर्षे जबाबदारी पेलली आणि एके दिवशी दुकानाच्या किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती दिल्या, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

विमान घरी घडवणे म्हणजे काय

हौशी माणसाने स्वतः बांधलेले विमान ही कल्पना आपल्याकडे नवलाची वाटते. परंतु अमेरिकेत अशी विमाने हजारोंच्या संख्येने उडत आहेत. तेथील कायद्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. अट एवढीच की, विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः, शिक्षण किंवा विरंगुळा याच हेतूने घडवलेला असावा. काही जण केवळ नकाशे विकत घेऊन लाकूड, कापड, पोलादी नळ्या यांपासून सारे काही बनवतात. बहुतेक जण सुट्या भागांचा संच घेतात. अशा संचांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या कंपनीच्या ‘आरव्ही’ मालिकेतील ११ हजारांहून अधिक विमाने आजवर बांधून पूर्ण झाली आणि उडाली. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापायचे, भोके पाडायची, कडा घासायच्या आणि हजारो रिबेट एकेक करून ठोकायचे, असे हे काम असते. अशा विमानाला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. रोज दोन तास न चुकता दिले तरी दोन ते पावणेतीन वर्षे झाली. अनेकांची विमाने अर्ध्यावरच राहतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

या कामाची एक बाब व्यापारी घरांना विशेष जवळची वाटेल. विमान बांधणाऱ्याला रोजमेळ ठेवावा लागतो. आज कोणता भाग जोडला, किती तास लागले, कोणती चूक झाली आणि ती कशी सुधारली, याची तारीखवार नोंद आणि छायाचित्रे. सरकारी निरीक्षक तपासणीला येतो, तेव्हा विमानाबरोबर ही वहीही पाहतो. काम खरोखरच या माणसाने केले आहे, याचा तोच पुरावा.

पेणच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. गणपतीच्या मूर्तींसाठी ख्याती मिळवलेल्या या गावात साच्यातून निघालेली मूर्ती आणि पूर्ण झालेली मूर्ती यांतले अंतर घरोघरी ठाऊक आहे. साचा सर्वांना सारखाच मिळतो. पुढचे घासकाम, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी येथे कारागिराचा हात दिसतो. संचातून घडलेल्या विमानाचेही तसेच आहे. एकाच संचातून निघालेली दोन विमाने कधीही हुबेहूब सारखी नसतात, आणि अनुभवी माणसाला रिबेटांच्या रांगेवरून बांधणाऱ्याचा स्वभाव ओळखता येतो.

मोहीम संपल्यावर

सैनिकी वैमानिकाचे आयुष्य बाहेरून पाहणाऱ्याला स्वातंत्र्याचे शिखर वाटते. वास्तवात त्याच्याइतका बांधलेला माणूस विरळाच. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती उंचीवर, कोणत्या दिशेने आणि कशासाठी उडायचे, हे सारे दुसरे कोणी ठरवते. उड्डाणापूर्वी सूचनांची बैठक असते, उतरल्यावर पुन्हा बैठक असते आणि तेथे प्रत्येक मिनिटाचा जाब द्यावा लागतो. विमान हे त्याच्यासाठी शस्त्र असते. उडणे हे साधन असते, साध्य नव्हे. ‘आज संध्याकाळी आकाश छान आहे, थोडे फिरून येऊ’ असे लढाऊ विमानाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

शिवाय ही कारकीर्द लवकर संपते. व्यापारी माणूस सत्तरीतही पेढीवर बसतो. लढाऊ वैमानिकाला बढती मिळत गेली, की विमान सोडून टेबलामागे बसावे लागते आणि पन्नाशीच्या मध्यावर बहुतेकांची सेवा संपते. विमानेही निवृत्त होतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या विमानाला निरोप दिला. १९६३ पासून सहा दशकांहून अधिक काळ या विमानाने वैमानिकांच्या पिढ्या घडवल्या. ज्यांनी तरुणपण त्या अरुंद आसनात घालवले, त्यांना ते विमान आता संग्रहालयात किंवा एखाद्या चौकातील चबुतऱ्यावरच भेटणार. लढाऊ विमान कोणी घरी नेऊ शकत नाही. जुनी युद्धविमाने विकत घेऊन उडवणारे धनिक परदेशांत आहेत. परंतु त्यांचा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अधिकाऱ्याला झेपणारा नव्हे. घरी घडवलेले विमान मात्र त्याच्या आवाक्यात येते, आणि त्याच्या हाताला हवी असलेली चपळाईही देते. हलक्या बांधणीमुळे यातली अनेक विमाने दांडीला बोट लावताच वळतात. लहान प्रशिक्षण विमानांचा जडपणा ज्याला कधीच आवडला नाही, अशा माणसाला हा फरक पहिल्याच वळणात जाणवतो.

आकड्यांत पाहिले तर ही तुलना अधिक स्पष्ट होते. हवाई दलाचे सुखोई-३० पूर्ण भाराने उड्डाण करते, तेव्हा त्याचे वजन अडतीस टनांच्या वर असू शकते. ज्याच्याविषयी पुढे सांगायचे आहे, ते ‘लाँग-ईझी’ हे घरगुती विमान दोन माणसे आणि इंधन धरून सहाशे किलोच्या आसपास भरते. मिग-२१ धावपट्टीवर उतरे ते ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. लहान विमान ताशी ऐंशी-शंभरच्या वेगाने जमिनीला टेकते. आधुनिक लढाऊ विमानात वैमानिकाचा हात आणि पंखांची हलती पाती यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. घरगुती विमानात दांडीपासून पात्यापर्यंत साधी तार किंवा सळई जाते. वाऱ्याचा धक्का पंखाला बसतो, तो थेट तळहातापर्यंत पोहोचतो.

हात आणि पाय पुन्हा शिकतात

लढाऊ विमानाचा अनुभव असलेल्याला हे लहान यंत्र सोपे जात असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तसे नसते. जेट विमानात फिरता पंखा नसतो. त्यामुळे पायांखालच्या सुकाणूच्या पट्ट्यांना उड्डाणात फारसे काम नसते. पंख्याच्या विमानात जोर वाढवला, की नाक एका बाजूला ओढले जाते आणि ते सरळ ठेवण्यासाठी पाय सतत जागे ठेवावे लागतात. पुढे दोन आणि शेपटीखाली एक चाक असलेले विमान असेल, तर उतरल्यानंतरही बेफिकीर राहता येत नाही. क्षणभर दुर्लक्ष झाले तर ते धावपट्टीवरच गिरकी घेते. आडव्या वाऱ्याला लढाऊ विमान सहज कापते, तर लहान विमान पतंगासारखे हेलकावे खाते. हजारो तासांची नोंद असलेल्या वैमानिकालाही म्हणूनच प्रशिक्षकाशेजारी बसून पुन्हा पहिले धडे गिरवावे लागतात.

या वैमानिकांच्या आनंदाचे मोठे कारण नेमके हेच असावे. ज्या गोष्टीत आपण निष्णात आहोत असे जगाने मानले, त्याच गोष्टीत पुन्हा नवशिके होण्याची संधी उतारवयात क्वचितच मिळते. बहुतेक सैनिकी वैमानिकांनी पहिले धडे घेतले ते पंख्याच्या लहान विमानातच. आपल्या हवाई दलात एके काळी ते टायगर मॉथ होते, नंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळूरला बनवलेले एचटी-२, त्यानंतर दीपक आणि आता पिलाटस. विशी-बाविशीत पहिल्यांदा एकट्याने उडताना जे वाटले होते, ते पुढील जेटच्या आयुष्यात मागे पडते. लहान विमान त्याला त्या मूळ ठिकाणी परत नेते.

दुसरे कारण बांधकामात आहे. हवाई दलात विमानाची देखभाल जमिनीवरचे तंत्रज्ञ करतात. वैमानिक कागदावर सही करतो आणि त्यांच्या शब्दावर विश्वासून आकाशात जातो. आयुष्यभर असा विश्वास ठेवणारा माणूस निवृत्तीनंतर स्वतःच पाना हाती घेतो, तेव्हा त्या तंत्रज्ञांचे ऋण त्याला नव्याने कळते. आता तपासणारा तोच आणि उडणाराही तोच. आणि बांधकाम संपले की त्याच्या जुन्या प्रशिक्षणाला पुन्हा काम मिळते. अमेरिकेत नव्या घरगुती विमानाला पहिले पंचवीस ते चाळीस तास ठरावीक क्षेत्रातच, प्रवासी न घेता, चाचणी म्हणून उडवावे लागते. कोणत्या वेगाला विमान तोल सोडते, इंजिन किती तापते, भाराने वागणूक कशी बदलते, याची एकेक नोंद करत मर्यादा हळूहळू वाढवत न्यायच्या असतात. ही शिस्त सैनिकी वैमानिकाच्या हाडीमाशी खिळलेली असते.

तळघरात सुरू झालेली संस्था

या साऱ्या चळवळीचे मूळ एका सैनिकी वैमानिकाच्या घरात सापडते. पॉल पोबेरेझ्नी यांचा जन्म १९२१ चा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील साध्या कुटुंबात वाढलेल्या या मुलाला शाळेतील एका शिक्षकाने मोडके ग्लायडर दिले. ते दुरुस्त करून तो सोळाव्या वर्षी उडायला शिकला. पुढे दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध या दोन्ही काळांत त्याने सैन्यात सेवा केली आणि सुमारे तीस वर्षांनंतर, १९७० मध्ये, लेफ्टनंट कर्नल म्हणून तो निवृत्त झाला. सरकारी विमाने उडवून घरी आल्यावर हा माणूस स्वतःच्या विमानांचे सांगाडे जोडत बसे. २६ जानेवारी १९५३ रोजी त्याने मिलवॉकी शहरात अशाच छंदिष्टांची एक संस्था स्थापन केली आणि तिचा कारभार पुढे त्याच्या घराच्या तळघरातून चालू लागला. सभासदांची पत्रे, वर्गणीचा हिशेब आणि मासिकाची जुळवाजुळव यांत पत्नी ऑड्री यांचा वाटा पतीइतकाच होता. १९५५ मध्ये पोबेरेझ्नी यांनी एका लोकप्रिय तंत्रविषयक मासिकात आठशे डॉलरच्या आत विमान कसे बांधावे, यावर लेख लिहिले आणि सभासदांचा ओघ सुरू झाला.

‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या नावाने ही संस्था आज जगभर पसरली आहे. दर जुलै महिन्यात ऑशकॉश या गावी तिचा मेळा भरतो. त्या आठवड्यात जवळजवळ दहा हजार विमाने त्या परिसरात उतरतात. संस्थेची धुरा पुढे त्यांचा मुलगा टॉम याच्याकडे आली. वडिलांनी घरात सुरू केलेले, आईने वह्या सांभाळलेले आणि मुलाने वाढवलेले असे हे काम पाहिले, की आपल्याकडच्या कित्येक पेढ्यांची आठवण व्हावी. फरक इतकाच की, येथे नफ्याच्या जागी मैत्री होती. तुकडीतला भाईचारा हे सैनिकी जीवनाचे सर्वांत मोठे सुख. निवृत्तीनंतर माणूस अधिकार सोडून देतो, पण त्या सोबतीला पारखा होतो. विमानांच्या शेडमध्ये चहाचा पेला हाती घेऊन दुसऱ्याच्या जोडकामावर मत देणारी ही मंडळी त्याला ती सोबत परत देतात. पुष्कळ ठिकाणी निवृत्त सैनिकी वैमानिक नागरी हौशी वैमानिकांना पंखाला पंख लावून उडण्याची विद्या शिकवतात, तीही सुरक्षिततेचे सारे नियम पाळून.

दोन भाऊ

दुसरे उदाहरण रुटन बंधूंचे. थोरला डिक, जन्म १९३८. अमेरिकी हवाई दलात लढाऊ वैमानिक. व्हिएतनामच्या युद्धात त्याने तीनशेहून अधिक मोहिमा केल्या. धाकटा बर्ट हा विमानांचा रचनाकार. बर्टने मोहावीच्या वाळवंटात हौशी माणसांसाठी विमानांचे नकाशे विकण्याचा व्यवसाय मांडला. हलक्या फेसाचे ठोकळे तापलेल्या तारेने कापायचे, त्यांवर काचतंतूंचे कापड राळेने चिकटवायचे आणि सुकल्यावर घासून गुळगुळीत करायचे, अशी त्याची पद्धत होती. महागडे साचे लागत नसत. त्याच्या ‘लाँग-ईझी’ विमानात आडवा लहान पंख पुढे आणि ढकलणारा पंखा मागे असतो.

१९७८ मध्ये हवाई दलातून बाहेर पडलेला डिक धाकट्या भावाकडे चाचणी वैमानिक म्हणून आला. याच घरगुती बांधणीच्या परंपरेतून ‘व्हॉयेजर’ हे विमान निर्माण झाले. त्याची पहिली कल्पना जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालावर रेखाटली गेली होती. सरकारचा पैसा न घेता, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर ते बांधले गेले. १४ डिसेंबर १९८६ रोजी डिक आणि जीना यीगर ते घेऊन निघाले. इंधनाने ओथंबलेल्या पंखांची टोके उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर घासली गेली, तरी ते थांबले नाहीत. कोठेही न उतरता आणि वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून ते नऊ दिवसांनी, २३ डिसेंबरला परतले. निघताना तीन टनांहून अधिक इंधन होते. उतरताना पन्नास किलोही उरले नव्हते. अशी प्रदक्षिणा त्यापूर्वी कोणीही केली नव्हती. पुढे १९९७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, डिकने मित्रासह दोन लाँग-ईझी विमानांतून टप्प्याटप्प्याने पुन्हा जगाची फेरी मारली. या वेळी विक्रमाची घाई नव्हती. २०२४ मध्ये त्याचे निधन झाले.

आपल्या भूमीवरचे धागे

लाँग-ईझीचा एक धागा भारताशी जुळलेला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत प्राध्यापक रुस्तम दमानिया यांच्या पुढाकाराने याच रचनेवर आधारित हलके संशोधन विमान बांधले गेले आणि १९८७ मध्ये ते उडाले. काचतंतूंच्या बांधणीचा तो अनुभव पुढे प्रयोगशाळेच्या ‘हंसा’ या प्रशिक्षण विमानाला उपयोगी पडला. संरक्षण संशोधन संस्थेने नंतर याच रचनेवरून वैमानिकरहित विमान विकसित केले, तेव्हा त्याला ‘रुस्तम’ हे नाव देऊन दमानियांची स्मृती जपली.

हवाई दलानेही लहान विमानाचे मोल ओळखले आहे. २००७ मध्ये, दलाच्या स्थापनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, विंग कमांडर राहुल मोंगा आणि अनिल कुमार हे दोन अधिकारी मायक्रोलाइट विमानातून जगप्रदक्षिणेस निघाले. १ जूनला हिंडन तळावरून निघून ते ऑगस्टमध्ये, सुमारे ऐंशी दिवसांत, चाळीस हजार किलोमीटरांचा प्रवास करून परतले. ते विमान घरगुती नव्हते, कारखान्यातून आलेले होते. पण सेवेत असलेल्या वैमानिकांनाही लहान यंत्राची ओढ असते, हे त्यातून दिसले.

व्यापारी घराण्यांतही हा छंद होता. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले. त्यांच्या एअर इंडियाकडे पुढे जम्बो जेट आली आणि हवाई दलाने त्यांना मानद एअर व्हाइस मार्शल केले. तरीही १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच मार्ग एकट्याने, जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा पार केला. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून लंडनहून भारतापर्यंतचा प्रवास तेवीस दिवसांत केला. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते.

घरी विमान बांधण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण मात्र कॅप्टन अमोल यादव यांचे. ते सैनिकी नव्हे, नागरी वैमानिक. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान वर्षानुवर्षे खपून बांधले. कुटुंबाची पुंजी त्यात लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते विमान गच्चीवरून क्रेनने खाली उतरवावे लागले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिले. विमान तयार होते, पण त्याला नोंदणी मिळण्यास २०१७ उजाडले आणि उड्डाणाची अनुमती मिळण्यास २०१९. पहिली चाचणी उड्डाणे २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. बांधण्यापेक्षा परवानगी मिळवणे अधिक कष्टाचे ठरावे, ही गोष्ट परवाने आणि दाखले यांच्याशी रोज झगडणाऱ्या व्यापाऱ्यांना नवी वाटणार नाही.

धोक्याचा हिशेब

या छंदाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. घरगुती विमानांच्या अपघातांचे प्रमाण कारखान्यात बनलेल्या लहान विमानांपेक्षा अधिक आहे, आणि पहिली काही उड्डाणे सर्वांत जोखमीची असतात. लढाऊ विमानात संकट आले तर आसनासह बाहेर फेकून वाचवणारी यंत्रणा असते. घरगुती विमानात ती नसते. इंजिन बंद पडले तर एक हजार मीटर उंचीवरून साधारण आठ-दहा किलोमीटर तरंगत जाता येते, आणि तेवढ्यात सपाट जागा शोधावी लागते. बांधाबांधांनी चिरलेली भातखाचरे, खाजण आणि डोंगर यांनी भरलेल्या पेण-रोह्याच्या मुलखात अशी जागा सापडणे किती कठीण, हे येथील माणसाला सांगायला नको.

कौशल्य हे कवच नव्हे, याचे उदाहरण रॉबर्ट ‘हूट’ गिब्सन. अमेरिकी नौदलाचे लढाऊ वैमानिक, पाच वेळा अंतराळात जाऊन आलेले. त्यांना लहान घरगुती शर्यती विमानांचा षोक होता. १९९० मध्ये टेक्सासमधील एका शर्यतीत त्यांच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेत धडक झाली. गिब्सन सुखरूप उतरले. दुसरा वैमानिक प्राणास मुकला. अंतराळ मोहिमेसाठी निवड झालेल्यांना असे जोखमीचे खेळ वर्ज्य होते. नासाने गिब्सन यांना त्या मोहिमेतून दूर केले.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. हवाई दलातील अधिकाऱ्याचा मुलगा असलेला प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये लाँग-ईझी विमान कोसळून मरण पावला. ते विमान त्याने स्वतः बांधले नव्हते, विकत घेतले होते. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ नकाशातील जागी न बसवता वैमानिकाच्या खांद्यामागे बसवली होती. इंधन कमी होते, कळ फिरवण्यासाठी मान वळवून मागे हात न्यावा लागे, आणि या विमानाचा त्याचा सरावही तोकडा होता. ज्याने विमान बांधले, त्याला त्यातील प्रत्येक खोड ठाऊक असते. दुसऱ्याच्या हाती ते गेले, की ते ज्ञान वाटेतच गळते. सैनिकी वैमानिक स्वतः बांधण्याचा आग्रह धरतात, त्यामागे हौसेइतकीच ही समजही आहे.

घरच्यांचा प्रश्न

शेवटचा प्रश्न नेहमी घरच्यांचाच असतो. सेवेची पंचवीस-तीस वर्षे ज्या पत्नीने दारावरची प्रत्येक टकटक धास्तीने ऐकली, तिने निवृत्तीनंतरही पुन्हा तीच धास्ती का बाळगावी? याचे एकच एक उत्तर नाही. पोबेरेझ्नींच्या घरात पत्नी त्या कामाची भागीदार झाली. अनेक घरांत पती रिबेट ठोकतो तेव्हा पत्त्याच्या पलीकडून पट्टी धरून पत्नी किंवा मुलगी उभी असते. या कामाला दोन माणसे लागतातच. काही घरांत विमान पूर्ण होऊनही, घरच्यांच्या शब्दाखातर, ते विकले जाते. बांधण्याचे सुख मिळाले, एवढ्यावर तो माणूस समाधान मानतो. हा व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही.

भारतात निवृत्त वैमानिकाला या वाटेने जाणे आजही अवघड आहे. उड्डाणाची अनुमती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून घ्यावी लागते. लहान विमानांसाठी धावपट्ट्या मोजक्या आणि योग्य इंधनही सर्वत्र मिळत नाही. जुहूहून पेण सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटर आणि रोहा ऐंशी. पण मुंबईच्या जोडीला आता रायगडातच उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ आला आहे. या आकाशात नियंत्रण कक्षाच्या परवानगीवाचून लहान विमानाला मनसोक्त फिरता येणार नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने तर ते मिटलेलेच. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांत हौशी बांधणाऱ्याला सुटसुटीत वाट मिळाली, तर कांदिवलीच्या गच्चीवर गेलेली वर्षे पुढच्या माणसाची वाचतील.

तोवर ज्यांच्या घरात अलीकडेच कोणी पेढीची गादी सोडली आहे, त्यांनी या वैमानिकांकडून एक गोष्ट घ्यावी. त्यांनी निवृत्तीनंतर आपली विद्या टाकून दिली नाही आणि जुन्या अधिकाराला चिकटूनही बसले नाहीत. तीच विद्या त्यांनी लहान मापात, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जोखमीवर पुन्हा सुरू केली. दुकानात मुलाच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या आजोबांना कापडाची पारख असेल, धान्याची असेल किंवा सोन्याची. ती वापरता येईल असे छोटे काम त्यांच्या हाती द्यावे आणि त्याचा हिशेब मात्र विचारू नये.